धूळ उडते, म्हणजे रस्ताच उडतो!

बालमित्रांनो, मे महिन्याच्या सुट्टीत मामाच्या गावाला गेला आहात ना? डांबरी रस्ता सोडून एसटी फाट्यावरून आत वळली, की कंडक्टरकाका ओरडतात, "खिडक्या लावून घ्या!" पण काच खाली येईपर्यंत धूळ गाडीत शिरलेली असते. नाकात धूळ, डोळ्यांत धूळ, दातांखाली कचकच! गावात उतरलं, की मामी दारातच पाण्याची बादली पुढे करते. "अगबाई, ओळखूसुद्धा येत नाही की रे तुम्ही! आधी हातपाय धुवा."

आपण हसतो, खळखळून चूळ भरतो आणि विसरून जातो. सुट्टी संपली, की आपण परत. पण त्या रस्त्याला लागून ज्यांचं घर आहे, ज्यांची शाळा आहे, ज्यांचं कापसाचं शेत आहे, त्यांचं काय? त्यांच्या दारातून एसटी जाते, मागोमाग वाळूचा ट्रक जातो, उसाचा ट्रॅक्टर जातो. प्रत्येक गाडीमागे एक धुळीचा लोट. दिवसभर!

आता एक कोडं घालतो. गेल्या वर्षी त्या रस्त्यावरून धूळ उडत होती. यंदाही उडते आहे. पुढल्या वर्षीही उडणार. मग ही धूळ येते तरी कुठून? रस्त्याला काही धुळीचा झरा नाही! मग दर वर्षी नवी धूळ पुरवतं कोण?

उत्तर सोपं आहे, पण चटकन सुचत नाही. धूळ रस्त्यावर *पडलेली* नसते. धूळ म्हणजे रस्ताच! रोज थोडा थोडा रस्ता हवेत उडतो आणि शेतात, घरात, आपल्या छातीत जाऊन बसतो. म्हणून धूळ थांबवायची म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी वाचवायच्या: माणसं आणि रस्ता.

रस्त्याचा लाडू

कच्चा रस्ता म्हणजे नुसती माती नव्हे बरं का! चांगल्या कच्च्या रस्त्यात तीन गोष्टी असतात. मोठी खडी, मधल्या आकाराची रेती आणि अगदी बारीक, चिकट माती. आपल्याकडे दख्खनच्या पठारावर यासाठी मुरूम वापरतात. मुरूम म्हणजे ऊन-पावसानं झिजून भुसभुशीत झालेला काळा पाषाण. कोकणात आणि गोव्यात जांभा दगड असतो, म्हणून तिकडची धूळ लालभडक.

आईनं केलेला लाडू आठवा. रव्याचे दाणे एकमेकांना धरून का राहतात? पाकामुळे आणि तुपामुळे. रस्त्याच्या लाडवातला पाक म्हणजे ती बारीक माती. ती खड्यांच्या फटीत बसते, थोडा ओलावा धरते आणि सगळ्यांना एकत्र बांधून ठेवते.

आता यावरून गाडी जाते. चाकाखाली खडे एकमेकांवर घासतात, जात्यात धान्य दळावं तसे. त्यांचं पीठ होतं. गाडी पुढे सरकते तशी तिच्यामागे हवा भोवऱ्यासारखी गरगरते आणि हे पीठ वर उचलते. वारा ते बाजूला घेऊन जातो. खडी जड, ती जागेवरच राहते. उडून जातो तो पाक! बिनपाकाच्या लाडवाचं काय होतं? हातात घेतला की फुटतो. रस्त्याचंही तसंच. खडी मोकळी होते, चाकाखालून उडून कडेला जाते. खड्डे पडतात. कधी कधी तर रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठतात आणि सायकलवरून जाताना दात वाजतात!

मग पुन्हा नवा मुरूम आणून टाकायचा. त्यासाठी कुठली तरी टेकडी खणायची. नव्या मुरमाची पुन्हा धूळ. असं हे रहाटगाडगं वर्षानुवर्षं चालतं.

एक कण, तीन तास

आता ही धूळ किती बारीक असते ते पाहू. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाला मायक्रोमीटर किंवा नुसतं 'मायक्रॉन' म्हणतात. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. धुळीचे काही कण याहून मोठे असतात, काही १० मायक्रॉनचे, तर काही एकाच मायक्रॉनचे!

समजा, हे कण जमिनीपासून एक मीटर उंचीवर आहेत आणि वारा अजिबात नाही. १०० मायक्रॉनचा कण साधारण दोन सेकंदांत खाली येईल. १० मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ दोन मिनिटं लागतील. आणि एक मायक्रॉनच्या कणाला? तीन तास! म्हणजे एसटी निघून गेली, आपल्याला दिसणारी धूळ खाली बसली, 'चला, हवा साफ झाली' असं म्हणून आपण दीर्घ श्वास घेतला, तरी न दिसणारी धूळ तिथंच तरंगत असते.

मोठे कण नाकातल्या केसांत आणि शेंबडात अडकतात. (हसू नका, शेंबूड हा आपला पहारेकरी आहे!) १० मायक्रॉनहून लहान कण घशाच्या पुढे श्वासनळीत शिरू शकतात. अडीच मायक्रॉनहून लहान कण तर फुप्फुसातल्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. ज्यांना दमा आहे, त्यांना याचा त्रास सर्वांत आधी होतो. मुलांनाही जास्त होतो, कारण तुमची फुप्फुसं अजून वाढताहेत आणि तुम्ही धावता-खेळता तेव्हा भराभर श्वास घेता.

आपल्या देशानं २००९ मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार, १० मायक्रॉन आणि त्याहून बारीक धुळीची २४ तासांची सरासरी एका घनमीटर हवेत १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आता तुमच्या वर्गाचा हिशोब करू. वर्ग ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच असेल, तर त्यात ९० घनमीटर हवा मावते. म्हणजे मर्यादेत राहायचं तर अख्ख्या वर्गाच्या हवेत मिळून फक्त ९ मिलिग्रॅम बारीक धूळ चालेल. चिमूटभर मिठाचं वजनही याच्या कितीतरी पट असतं!

झाडांनाही नाक असतं, ठाऊक आहे? पानांवरची पर्णरंध्रं म्हणजे त्यांची नाकं. धुळीचा थर बसला, की ही रंध्रं बुजतात आणि पानावर ऊनही कमी पडतं. मग अन्न तयार कसं होणार? शिवाय धुळकट पानांवर लाल कोळी नावाची बारीक कीड फोफावते, कारण तिला खाणाऱ्या मित्रकिडींना धूळ मानवत नाही. रस्त्याकडेच्या चार ओळींमधलं पीक आतल्या पिकापेक्षा मरगळलेलं दिसतं, त्यामागे हेही एक कारण असतं.

आजीचा सडा

धुळीशी माणसाचं भांडण मोटारींच्या आधीपासूनचं आहे. संध्याकाळी गायी रानातून परतताना त्यांच्या खुरांनी धूळ उडायची. त्या वेळेला आपण 'गोरज' म्हणतो. रज म्हणजे धूळ. आजही लग्नाच्या पत्रिकेवर 'गोरज मुहूर्त' छापलेला असतो! ती धूळ कानाला गोड लागते, कारण गायी चालत येत. चाळीस-पन्नासच्या वेगानं पळत येत नसत!

आणि या धुळीवरचा उपाय आजीला ठाऊक होता. सकाळी उठून अंगणात शेणसडा, सणावाराला सारवण. पाण्यामुळे माती बसते आणि शेणातले गवताचे बारीक धागे मातीला जाळीसारखे धरून ठेवतात. पाणी वाळलं तरी जाळी राहते. दोस्तांनो, जगभरचे इंजिनिअर कच्च्या रस्त्यांसाठी जे करतात, त्याचं हे मूळ सूत्र आहे: कणांना ओलं ठेवा, नाहीतर चिकटवून ठेवा.

पहिला उपाय पाण्याचा. जुन्या काळी शहरांत पखालीतून पाणी शिंपडणारे भिस्ती असत. आता टँकर आले. चंद्रपूर-वणीच्या कोळसापट्ट्यात ट्रकांच्या रस्त्यांवर टँकरनं पाणी मारताना तुम्ही पाहिलं असेल. पाण्यानं धूळ लगेच बसते, यात शंका नाही. पण किती वेळ?

चला, हिशोब करू. रस्ता एक किलोमीटर लांब आणि चार मीटर रुंद. क्षेत्रफळ ४,००० चौरस मीटर. दर चौरस मीटरला फक्त एक लिटर पाणी मारलं, तरी एका फेरीला ४,००० लिटर लागेल. वैशाखातल्या उन्हात ते तास-दोन तासांत उडून जाईल. दिवसातून पाच फेऱ्या केल्या तर २०,००० लिटर! २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या प्रत्येक माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी द्यायचं ठरलं आहे. त्या हिशोबानं हे साडेतीनशेहून जास्त माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं. ज्या गावात हंडे घेऊन रांग लागते, तिथं एवढं पाणी रस्त्याला पाजायचं? तुम्हीच सांगा!

मिठाला पाणी सुटतं तेव्हा

पावसाळ्यात बरणीतलं खडेमीठ ओलं होतं, त्याला 'पाणी सुटतं'. खरं म्हणजे पाणी मिठातून सुटत नाही, ते हवेतून येतं. मिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते हवेतली वाफ ओढून घेतं. यावरूनच एक युक्ती निघाली. मॅग्नेशियम क्लोराइड किंवा त्याचा भाऊ कॅल्शियम क्लोराइड रस्त्यावर पसरला, तर रस्ता स्वतःच हवेतलं पाणी पिऊन ओलसर राहील! अमेरिका आणि कॅनडातल्या खेड्यांतल्या कच्च्या रस्त्यांवर हे क्षार सर्रास वापरतात.

मग आपणही वापरावेत का? थांबा! हवेत पाणी असेल तरच ते ओढता येणार. मराठवाड्या-विदर्भातल्या कोरड्या दुपारी हवेतच ओलावा नसतो, तिथं हे क्षार करणार काय? कोकणात ओलावा भरपूर, पण तिथला पाऊस एका मोसमात सगळे क्षार धुऊन ओढ्यात नेईल. शिवाय क्षारांमुळे गाड्यांचा पत्रा गंजतो आणि कडेची झाडं सुकू शकतात. म्हणजे औषध चांगलं असलं, तरी प्रत्येक रोग्याला ते लागू पडेलच असं नाही.

दुसरा मार्ग चिकटवण्याचा. झाडाच्या लाकडात लिग्निन नावाचा नैसर्गिक डिंक असतो. लाकडाचे धागे तोच एकमेकांना धरून ठेवतो. कागद बनवताना तो वेगळा काढावा लागतो. कागद कारखान्याचं हे टाकाऊ पाणी रस्त्याला चिकटपणा देतं, असं लक्षात आलं. साखर कारखान्यातली चिकट मळीसुद्धा काही देशांत रस्त्यावर शिंपडली गेली आहे. वाया जाणाऱ्या वस्तूचा उपयोग झाला, की नाही? पण दोन्ही वस्तू पाण्यात विरघळतात. जोराचा पाऊस आला, की डिंक वाहून गेला!

डांबरवाले डॉक्टर

डांबरी रस्ता गाड्या वेगानं पळाव्यात म्हणून आला, असं तुम्हाला वाटतं ना? त्याच्या जन्माशी धुळीचाही मोठा संबंध आहे. आणि त्या गोष्टीत एक चक्क डॉक्टर आहे!

युरोपात तेव्हा चांगले रस्ते म्हणजे ठेचून बसवलेल्या खडीचे रस्ते. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या जॉन मॅकॅडम यांनी ही पद्धत रूढ केली होती. घोडागाड्यांना ते रस्ते उत्तम होते. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारी आल्या. त्यांच्या वेगवान रबरी चाकांनी खडीमधली बारीक माती उपसून काढायला सुरुवात केली. मोटारवाले पुढे निघून जायचे आणि पायी चालणारे धुळीनं पांढरेफटक!

समुद्रकाठच्या मोनॅको या चिमुकल्या देशात धुळीनं सगळे हैराण झाले होते. तिथं अर्नेस्ट गुग्लिएल्मिनेत्ती नावाचे स्विस डॉक्टर राहत होते. त्यांनी पूर्वी जावा-सुमात्रा बेटांवर काम केलं होतं आणि तिथं इस्पितळातल्या जमिनीला डांबर फासलेलं पाहिलं होतं. त्यांना वाटलं, जमिनीला चालतं तर रस्त्याला का नाही? मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांनी पाठिंबा दिला. १९०२ च्या मार्च महिन्यात त्यांनी रस्त्याच्या फक्त ४० मीटर तुकड्यावर गरम डांबर ओतून ब्रशानं पसरवलं. धूळ बसली! लोक या डॉक्टरांना 'डॉक्टर गुद्रों' म्हणू लागले. फ्रेंच भाषेत गुद्रों म्हणजे डांबर!

एका डॉक्टरानं गोळ्या-औषधं न देता रस्ताच दुरुस्त करून किती जणांचे खोकले वाचवले असतील, विचार करा. तेव्हाचं डांबर दगडी कोळशापासून बनायचं आणि त्यात आरोग्याला घातक द्रव्यं होती. आज रस्त्यावर जे काळं डांबर दिसतं, ते खनिज तेल शुद्ध करताना तळाशी उरणारं बिटुमेन असतं.

स्वस्त उपाय महागात पडला

पण डांबर महाग. ते परवडलं नाही तर? आता ऐका एका गावाची गोष्ट. ही गोष्ट खरी आहे आणि जरा दुःखाची आहे.

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, सेंट लुईस शहराजवळ, मेरामेक नदीच्या काठी टाइम्स बीच नावाचं छोटंसं गाव होतं. त्याचा जन्म १९२५ चा. एका वृत्तपत्रानं वर्गणीदार मिळवण्यासाठी योजना काढली: सहा महिन्यांची वर्गणी आणि साडेसदुसष्ट डॉलर भरा, नदीकाठी एक छोटा प्लॉट मिळवा! हळूहळू तिथं वस्ती वाढली आणि दोन हजारांवर माणसं राहू लागली. पण रस्ते कच्चेच राहिले. डांबर टाकायला पंचायतीकडे पैसे नव्हते आणि उन्हाळ्यात धूळ तर जगू देईना.

मग एक स्वस्त उपाय सापडला. वापरलेलं तेल गोळा करणारा एक ठेकेदार रस्त्यांवर जुनं तेल फवारून द्यायचा. १९७२ पासून पुढची चार वर्षं त्यानं गावातल्या रस्त्यांवर तेल मारलं. धूळ बसली. सगळे खूश! पण त्याच्या तेलात एका रासायनिक कारखान्याचा टाकाऊ गाळ मिसळलेला होता. आणि त्या गाळात होतं डायॉक्सिन, माणसाला ठाऊक असलेल्या अतिशय जहाल विषांपैकी एक.

इशारा आधीच मिळाला होता. १९७१ मध्ये जवळच्या एका पागेच्या रिंगणात हेच तेल मारलं होतं. तिथले पक्षी टपाटप मेले, मग कितीतरी घोडे मेले, मुलंही आजारी पडली. कारण शोधून काढायला शास्त्रज्ञांना काही वर्षं लागली. तोवर तेल कुठे कुठे फवारलं गेलं, याचा माग लागत लागत १९८२ साल उजाडलं.

त्या वर्षीच्या डिसेंबरात मेरामेक नदीला महापूर आला आणि टाइम्स बीच बुडालं. लोक घरं साफ करत होते, तोच नाताळच्या तोंडावर मातीच्या तपासणीचा निकाल आला: इथं राहू नका! फेब्रुवारी १९८३ मध्ये सरकारनं अख्खं गाव विकत घ्यायचं ठरवलं. माणसं आपली घरं, शाळा, खेळणी सोडून निघून गेली. १९८५ मध्ये गाव कागदोपत्रीही संपलं. १९९६ आणि १९९७ मध्ये तिथली विषारी माती खणून भट्टीत जाळली. आज तिथं घरं नाहीत. १९९९ मध्ये त्या जागेवर एक सार्वजनिक उद्यान सुरू झालं आणि ते आता जुन्या 'रूट ६६' या महामार्गाच्या नावानं ओळखलं जातं.

धूळ बसवायला तेल आणलं आणि गावच उठलं! म्हणून मित्रांनो, तुमच्या आजूबाजूला कुणी गॅरेजमधलं जळकं ऑइल अंगणात किंवा रस्त्यावर ओतत असेल, तर त्यांना ही गोष्ट जरूर सांगा. त्या ऑइलमध्ये डायॉक्सिन नसेलही, पण इंजिनातले विषारी धातू आणि घातक द्रव्यं असतात. पावसात ती विहिरीपर्यंत पोचू शकतात. रस्त्यावर काहीही टाकण्याआधी एक प्रश्न विचारावा: पाऊस पडल्यावर हे कुठे जाणार?

मग करायचं तरी काय?

पाणी टिकत नाही, क्षार सगळीकडे चालत नाहीत, डिंक वाहून जातो, तेल तर नकोच. मग हात जोडून बसायचं का? मुळीच नाही!

पहिला उपाय फुकट आहे: *गाडी हळू चालवा.* गाडीचा वेग वाढला, की धूळ वाढते. ताशी ४० किलोमीटरचा वेग २० वर आणला, तर धूळ साधारण निम्म्यावर येते. ड्रायव्हरकाका म्हणतील, "वेळ जातो ना!" किती जातो? तुम्हीच गणित करा. गावातला रस्ता अर्धा किलोमीटर आहे. ४० च्या वेगानं तो ४५ सेकंदांत संपेल, २० च्या वेगानं ९० सेकंदांत. फरक फक्त ४५ सेकंदांचा! एवढ्या वेळात चपलेचा तुटलेला अंगठाही शिवून होत नाही. तेवढ्यासाठी अख्ख्या शाळेनं धूळ का खायची?

दुसरा उपाय: *लाडू नीट वळा.* खडी, रेती आणि चिकण माती योग्य प्रमाणात हवी. नुसती माती टाकली तर उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात राडा. नुसती खडी टाकली तर ती बांधूनच राहत नाही. मिश्रण ओलसर असतानाच त्यावर रोलर फिरवायला हवा. कोरड्या मुरमावर कितीही रोलर फिरवा, तो दाबून बसत नाही. कोरड्या पिठाची भाकरी थापता येते का? तसंच हे!

तिसरा उपाय: *रस्त्याला पाठ द्या.* चांगला रस्ता मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता असतो. इंजिनिअर याला 'कॅम्बर' म्हणतात. कच्च्या रस्त्याला मधून कडेला जाताना दर मीटरला साधारण चार सेंटीमीटर उतार लागतो. म्हणजे चार मीटर रुंद रस्त्याचा मध्य कडेपेक्षा सुमारे आठ सेंटीमीटर उंच हवा. कडेला पाणी वाहून जायला चर हवा. आता तुम्ही म्हणाल, धुळीचा आणि पावसाच्या पाण्याचा संबंध काय? संबंध मोठा आहे. पावसात साचलेल्या डबक्यातून चाकं गेली, की रस्त्याचा चिखल होतो. तोच चिखल हिवाळ्यात वाळतो आणि उन्हाळ्यात उडतो. धुळीचं बी पावसाळ्यात पेरलं जातं!

चौथा उपाय: *झाडांची भिंत.* रस्ता आणि शाळा यांच्यामध्ये दाट पानांची झाडं आणि खाली झुडपांचं कुंपण असेल, तर वाऱ्याचा जोर मंदावतो आणि बरीच धूळ पानांवर अडकते. नुसती उंच, बुंध्याशी मोकळी झाडं असली, तर धूळ खालून निघून येते. म्हणून झुडपं हवीतच.

आणि शेवटचा उपाय म्हणजे पक्का रस्ता. खेडी पक्क्या रस्त्यांनी जोडण्यासाठी २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि तेव्हापासून देशातली हजारो गावं डांबरी रस्त्यांना जोडली गेली. पण शेताकडे जाणारे रस्ते, पाणंदी, वाड्या-वस्त्यांच्या वाटा अजून कच्च्या आहेत. त्या सगळ्या एका दिवसात पक्क्या होणार नाहीत. तोवर पहिले चार उपाय आपल्या हातात आहेत.

करून पहा

१. *रस्ता बरणीत:* काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या पारदर्शक बरणीत एक तृतीयांश भाग रस्त्याकडेची माती घाला. (माती आणताना मोठं माणूस सोबत असू द्या.) वर पाणी भरा, झाकण घट्ट लावा, खूप हलवा आणि ठेवून द्या. खडे आणि रेती काही क्षणांतच तळाशी जातील. त्यावर हळूहळू बारीक मातीचा थर बसेल. पाणी मात्र दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसू शकेल. जे कण पाण्यात उशिरा खाली बसतात, तेच हवेतही जास्त वेळ तरंगतात. हात धुवायला विसरू नका!

२. *धुळीचं पोस्टकार्ड:* तीन पांढरी कार्डं घ्या आणि त्यांवर व्हॅसलीनचा पातळ थर लावा. एक शाळेच्या फाटकाशी टांगा, दुसरं व्हरांड्यात, तिसरं वर्गात. एका दिवसानं भिंगातून पाहा. कुठलं कार्ड जास्त काळवंडलं? प्रत्येक कार्डावर एक चौरस सेंटीमीटरचा चौकोन आखा आणि त्यातले ठिपके मोजा. वहीत तारीख घालून लिहा.

ही कार्डं जपून ठेवा बरं! गावोगावच्या ग्रामसभा १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा दिवशी भरतात. तुमचे गुरुजी किंवा बाई, आई-बाबा यांना सोबत घेऊन ती कार्डं सरपंचांना दाखवा. "आमच्या शाळेसमोर धूळ उडते" असं नुसतं सांगितलं, तर लोक मान डोलावतील आणि विसरतील. तीन कार्डं एकाशेजारी एक टेबलावर ठेवली, की कुणाला काही सांगावंच लागणार नाही. मग एकच मागणी करा: शाळेच्या दोन्ही बाजूंना 'वाहने सावकाश चालवा' अशी पाटी आणि एकेक गतिरोधक. पाटी लागल्यावर महिनाभरानं पुन्हा तीन कार्डं टांगा आणि पुन्हा ठिपके मोजा.

आणि हो, आई-बाबांनो, तुम्हीही हे वाचत असालच. पुढच्या वेळी कच्च्या रस्त्यानं गाडी नेताना कडेला पाठीवर दप्तर घेतलेली चार मुलं दिसली, तर वेग कमी करा. तुमचे ४५ सेकंद जातील. त्यांचा श्वास आणि गावाचा रस्ता, दोन्ही जागेवर राहतील.